बॉइज अँड गर्ल

आमचे इंग्रजीचे मास्तर वर्गात शिरण्याआधी दाराच्या चौकटीत थांबायचे, टोपी सरळ करायचे, सगळ्या बाकांवरून एकदा नजर फिरवायचे आणि मग म्हणायचे, "गुड मॉर्निंग, बॉइज अँड गर्ल." ‘गर्ल’वर किंचित जोर, आणि तिथेच पूर्णविराम. वर्गात मुलगे पुष्कळ आणि मुलगी एकच. ती एकटी मुलगी म्हणजे मी. बाकीचे मास्तर आल्या आल्या ‘मुलांनो’ म्हणून कामाला लागत. मुलांनो म्हटलं की त्यात मीही आले, असं त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

‘अँडवाले मास्तर’ हे नाव पोरांनी ठेवलेलं. त्यांचं खरं नाव त्यांच्या सहीत असायचं आणि ती सही कुणालाच वाचता यायची नाही. ते मूळचे खर्ड्याचे. घरी जमीन होती, पण पाऊस त्या बाजूला फिरकायचा नाही, म्हणून शिकलो, असं ते स्वतःच सांगत. उंच, काटकुळे, कोटाची उजवी बाही खडूने कायम पांढरी. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचे. फक्त रागावले की घरची दखनी बाहेर पडायची. "क्या बावा, इत्ता भी नहीं आता?" असं त्यांनी म्हटलं की आम्हाला हसू आवरायचं नाही, आणि मग त्यांनाही आवरायचं नाही.

नेवाशातली आमची इंग्रजी शाळा सरकीच्या जुन्या गोदामात भरत असे. उन्हाळ्यात त्या भिंतींना अजून सरकीचा वास यायचा. लढाईचे दिवस होते. कागद मिळत नव्हता, रॉकेल मिळत नव्हतं, आणि इंग्रजीचं पुस्तक अख्ख्या बाकात मिळून एक. मास्तरांनी त्यावर तोड काढली. ते म्हणाले, पुस्तक नाही तर नाही, रस्ता तर आहे ना? शाळेत येताना प्रत्येकाने वाटेवरून एक आणि अनेक उचलून आणायचं. म्हणजे कुठली तरी एक वस्तू आणि कुठल्या तरी पुष्कळ वस्तू बघायच्या, मध्ये ‘अँड’ घालायचा आणि वर्गात उभं राहून इंग्रजीत सांगायचं. एक विहीर आणि बेडूक. एक म्हातारा आणि शेळ्या. एक बैलगाडी आणि उसाच्या मोळ्या. "एकवचन आणि अनेकवचन वेगवेगळं कुणालाही येतं," ते म्हणायचे. "दोघांना एका वाक्यात नांदवता आलं पाहिजे." त्या सवयीने आम्ही इंग्रजी किती शिकलो देव जाणे, पण रस्ता बघायला शिकलो. मी अजून बाजारात गेले तरी माझ्या डोक्यात एक भोपळा आणि गवारीच्या शेंगा चालूच असतात.

सगळ्यात जास्त चुका मात्र मीच करायची. एकदा मी ठणठणीत आवाजात सांगितलं, "माय फादर आर इन द फील्ड." वडील एकटेच रानात होते, पण त्यांना एकवचनी करायला माझी जीभ धजेना. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "अनसूया, इंग्रजीत वडील एकच असतात. आदर मनात ठेव, क्रियापदात घालू नकोस." मी घरी येऊन हे दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं. ते भाकरीचा घास हातात धरून बघतच राहिले. "म्हंजे सायेब लोकं बापाला अरं-तुरं करत्यात? आन तुमी ते शिकायला जाता व्हय?" पुढे कित्येक दिवस गोठ्यात बैलाला पेंड घालताना ते स्वतःशी पुटपुटत, "बापाला अरं-तुरं! काय ती भाशा!"

पहिल्या वर्षी आम्ही मुली दोघी होतो, मी आणि पोस्टमास्तरांची कुसुम. तेव्हा मास्तर रीतसर ‘बॉइज अँड गर्ल्स’ म्हणायचे. मग कुसुमचं लग्न ठरलं आणि ती संक्रांतीच्या आधीच सासरी गेली. दुसऱ्या दिवशी मास्तर चौकटीत उभे राहिले, टोपी सरळ केली, नजर फिरवली. "गुड मॉर्निंग, बॉइज अँड..." एवढं म्हणून थबकले. माझ्या शेजारची मोकळी जागा त्यांनी पाहिली. मग म्हणाले, "गर्ल."

वर्ग खदाखदा हसला. मागच्या बाकावरचा गणपत सगळ्यांत मोठ्याने. तो गाडीवानाचा मुलगा, नकला करण्यात पटाईत. त्या दिवसापासून नदीच्या वाटेने मी जाताना दिसले की तो मास्तरांसारखी टोपी सरळ करून ओरडायचा, "अँड गर्ल!" आणि मागून पोरांची रांग, "अँड गर्ल! अँड गर्ल!" मला असा संताप यायचा की दगडच उचलावा. एकदा धीर करून मी मास्तरांना विचारलं, "सर, शेवटचा एक ‘स’ राहू दिला असता तर तुमचं काय गेलं असतं?" ते विचारात पडले. खरोखर विचारात पडले. लहान मुलांच्या प्रश्नावर मोठी माणसं पडल्यासारखं करतात तसं नव्हे. म्हणाले, "तू दोघी नाहीस, हे खरं ना? पण तू नाहीसच, असंही नाही. मग मी दुसरं काय म्हणू?"

हेडमास्तरांनीही त्यांना सुचवून पाहिलं होतं की नुसतं ‘बॉइज’ म्हणा, पोरं हसतात, शिस्त बिघडते. त्यावर मास्तर म्हणाले म्हणे, "हसून हसून दमतील, सर. पण एका मुलीला गाळून रोज नमस्कार केला तर तीच हळूहळू स्वतःला गाळायला लागेल." हे हेडमास्तरांनीच पुढे मला सांगितलं.

कुसुम गेल्याचं दादांना कळलं आणि खरं संकट उभं राहिलं. आमच्याकडे वयात येऊ घातलेली मुलगी एकटी कुठे जात नसे. नदीवर, देवळात, रानात, कुठेही जायचं तर सोबत हवी. सोबत कसलीही चाले. शेजारची पोर, वाकलेली म्हातारी, कडेवरचं मूलसुद्धा. सोबतीने राखण होत नसे, ते सगळ्यांना माहीत होतं. ती लोकांच्या तोंडावरचं झाकण होती. दादांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "तुझं डोकं चांगलं हाय, मला कळतंय. पन सोबतीबिगर न्हाई जायचं. बस झालं इंग्रजी." मी जेवले नाही. आईने माझ्या ताटावर झाकण ठेवलं, पण दादांपुढे ती तरी काय बोलणार?

मी दोन-तीन दिवस दिसले नाही तेव्हा मास्तर संध्याकाळी घरी आले. दादांनी ओट्यावर घोंगडं टाकलं, पाणी दिलं.

"पाटील, पोरगी का येत नाही?"

"इतक्या पोरांत एकली पोरगी, मास्तर. लोकं मला इचारत्यात. तुमीच सांगा, काय सांगू त्यान्ला?"

"सोबत मिळाली तर पाठवाल?"

"मिळाली तर माजी काई ना न्हाई."

"मग सोबत माझ्याकडे लागली," असं म्हणून मास्तर उठलेच. पाणीसुद्धा अर्धंच प्यायले.

नंतर ते गावात दारोदार हिंडले. तुमची मुलगी शाळेत घाला, म्हणून वाण्याकडे गेले, तलाठ्याकडे गेले, मोमिनांच्या गल्लीत गेले, मळ्यांवर गेले. कुणी चहा दिला, कुणी पान दिलं, मुलगी कुणीच दिली नाही. एका घराने मात्र मोठ्या मनाने सांगितलं, मुलगी नाही देत, पण आमची म्हातारी घेऊन जा, तिला ऐकू येत नाही, ती कुठेही बसेल. मास्तर हे सांगताना पुढे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. त्या वेळी ते हसले असतील असं मला वाटत नाही.

सोमवारी सकाळी ते आमच्या दारात आले तेव्हा त्यांच्या मागे काळ्या बुरख्यातली एक बाई उभी होती.

"पाटील, ही माझी धाकटी बहीण. रोज हिच्यासोबत अनसूया येईल आणि हिच्यासोबत घरी परत येईल. वर्गात ही तिच्या शेजारी बसेल."

दादा ओट्यावरून खाली उतरले. माणूस आपल्या घरातली बाई दुसऱ्याच्या मुलीसाठी बाहेर काढतो म्हणजे काय करतो, ते त्यांना कळत होतं. ते हळूच म्हणाले, "मास्तर, तुमच्या लोकांत चालंल का हे?"

"नाही चालणार," मास्तर म्हणाले. "पण तुमच्या लोकांत तरी कुठे चालत होतं?"

दादांनी आईला हाक मारली आणि माझं दप्तर बाहेर आणायला सांगितलं.

मास्तरांच्या बहिणीला मी आपा म्हणायची. लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला आणि ती भावाकडे आली होती. मास्तरांची बायको नव्हती. तीच त्यांचं घर बघायची. उर्दू चार इयत्ता शिकलेली. वर्गात आली की बुरखा मागे टाकायची, माझ्या शेजारी बसायची आणि पिशवीतून क्रोशाची सुई आणि पांढरा दोरा काढायची. मास्तर शिकवायचे आणि तिची लेस वाढत जायची. दुपारी आम्ही दोघी गोदामाच्या मागच्या बाजूला डबा खायचो. तिच्या डब्यातला लसणाचा ठेचा माझ्या भाकरीवर आणि माझं दही तिच्या भाकरीवर. त्याबद्दल घरी कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. बोलणारे बोललेच. मशिदीच्या कट्ट्यावर मास्तरांना बोलले, आमच्या पारावर दादांना बोलले. दोघांनीही ते आपापल्या घरी सांगितलं नाही. आम्हाला ते गणपतकडून कळलं.

आपा आली तरी मास्तर ‘बॉइज अँड गर्ल’च म्हणत राहिले. मला ते चमत्कारिक वाटलं. विचारलं तर म्हणाले, "तिचं नाव पटावर नाही. ती सोबत म्हणून आली आहे." हे त्यांनी आपाच्या देखत सांगितलं. आपा मान खाली घालून सुई चालवत राहिली. पण माझ्या लक्षात आलं की लेस वाढेनाशी झाली आहे. सुई बोटांत तशीच असायची आणि नजर फळ्यावर. मग एक दिवस तिने डबा खाताना विचारलं, "अनसू, तेरी किताब आज मेरेकू देगी? सुबू वापस लाऊंगी." मी दिली. सकाळी परत आली ती, आणि पुन्हा संध्याकाळी गेली. पुढे पुढे मलाच अडलं तर मी तिला विचारायला लागले. मास्तरांना याचा पत्ता होता की नाही, मला आजवर उलगडलेलं नाही.

एका सकाळी मास्तरांनी गणपतला उभं केलं. "आज वाटेवरून काय आणलंस?" गणपत रिकाम्या हातांनी आलेला. "अ बुल अँड... अँड..." करत छताकडे बघायला लागला. मास्तर चिडले. "क्या बावा, सगळ्या गावात तुला बघायला काहीच नाही सापडलं?" तेवढ्यात माझ्या शेजारून अगदी बारीक आवाज आला.

"अ विंडो अँड स्पॅरोज."

सगळ्या माना वळल्या. आपाचा चेहरा लाल झाला होता, पण तिने मान खाली घातली नाही. नेवाशात येऊन तिला वर्षं झाली होती, आणि आमच्या शाळेत यायला लागेपर्यंत तिने गाव पाहिलं होतं ते एका खिडकीतून. खिडकी एक, चिमण्या पुष्कळ. मास्तरांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ते चौकटीत थांबले. टोपी सरळ केली, नजर फिरवली. "गुड मॉर्निंग, बॉइज," ते म्हणाले, आणि घसा साफ केला. "बॉइज अँड गर्ल्स." आपाने क्रोशाची सुई पिशवीत घातली. ती त्या वर्गात पुन्हा बाहेर आली नाही.

त्यानंतरचे दिवस माझ्या शाळेतले सगळ्यात सुखाचे. आपा बाहेरून फायनलला, म्हणजे सातवीच्या परीक्षेला बसली आणि पास झाली. मग नगरला मास्तरणींच्या ट्रेनिंगला तिला जागा मिळाली. मी आनंदाने उड्या मारल्या. त्या उड्यांचा अर्थ मला संध्याकाळी कळला, जेव्हा मास्तरांनी मला शाळेच्या पडवीत बोलावलं.

"अनसूया, नगरला आमचं कुणी नाही. आपा तिथे एकटी राहू शकत नाही. मी इथली नोकरी सोडतो आहे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मॅट्रिकला माझं एकच वर्ष उरलं होतं.

"आणि माझं काय, सर?"

"तिनं तुझी सोबत केली. आता तिला सोबत लागते आहे. माझ्याशिवाय तिला दुसरं कोण?"

"मग मला कोण?"

मास्तरांनी टोपी काढली, हातात फिरवली आणि परत घातली. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याविषयी इतकी माया कधी वाटली नव्हती. दोन्ही एकदमच.

मोटारीच्या थांब्यावर आम्ही सगळा वर्ग गेलो होतो. सामान फार नव्हतं. एक ट्रंक, वळकटी आणि भांड्यांचं पोतं. ते पोतं टपावर गणपतने चढवलं. आपाने माझ्या हातात ती अर्धवट राहिलेली लेस ठेवली. "पुरी तू कर," म्हणाली. मला क्रोशा येत नव्हता, अजून येत नाही. ती लेस तशीच अर्धी माझ्या पेटीत आहे. मास्तर खिडकीतून वाकून म्हणाले, "उद्या येताना एक आणि अनेक आण." नेहमीसारखंच म्हणाले, जणू उद्या ते स्वतः फळ्यापाशी असणार होते. नगरला ते एका छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांच्या चुका काढण्याचं काम करत राहिले. आपा मास्तरीण झाली, मोठी मास्तरीण झाली. मास्तर गेले तेव्हा तिच्या शाळेच्या मुली रांगेने आल्या होत्या असं ऐकलं. मला उशिरा कळलं, जाता आलं नाही, याची हळहळ अजून आहे.

त्यांची मोटार नगरला गेली त्या संध्याकाळी दादा मला म्हणाले, "उद्या मी येतो तुझ्यासंगं शाळंत. हेडमास्तरला भेटून नाव काढून टाकू. रीतीनं गेल्तो, रीतीनं निघू." सकाळी दप्तर घेतलं. दादांनी धुतलेला फेटा बांधला होता. वाटेत मी सवयीने बघत गेले, आणि मला दिसलं ते एक बाप आणि त्याच्या कोरड्या, धुळीने माखलेल्या वहाणा. वर्गात सांगता येण्यासारखं ते नव्हतं.

हेडमास्तर अजून आले नव्हते. दादा म्हणाले, तवर तू वर्गात बस. मी माझ्या बाकावर जाऊन बसले, शेजारची जागा मोकळी. दादा व्हरांड्यात, आमच्या दाराबाहेर उभे राहिले. तेवढ्यात नवे मास्तर आले. तरुण, चटपटीत, पुण्याकडून आलेले. चौकटीत न थांबता ते तडक टेबलापाशी गेले, टेबलावर पुस्तक ठेवलं आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग, बॉइज."

वर्ग उभा राहिला होता, पण ‘गुड मॉर्निंग, सर’ कुणीच म्हणालं नाही. नवे मास्तर बुचकळ्यात पडले. मागच्या बाकावरून गणपतचा आवाज आला. नक्कल नव्हती, आवाज त्याचा स्वतःचा होता.

"अँड गर्ल, सर."

"काय?"

"अँड गर्ल," शेजारचा म्हणाला. मग त्याच्या पुढचा. मग सगळा वर्ग एका सुरात, "अँड गर्ल, सर! अँड गर्ल!" सरकीच्या गोदामाचे पत्रे दणाणले. मी मात्र बाकाची कड धरून उभी होते. हसावं की रडावं, काही कळत नव्हतं.

आवाज ऐकून दादा दारात आले. त्यांनी हे शब्द नदीच्या वाटेवर ऐकले होते. त्यांचा चेहरा उतरला. नव्या मास्तरांकडे न बघता त्यांनी थेट मला विचारलं, "चिडवत्यात का तुला?"

"न्हाई, दादा," मी म्हणाले. "मला मोजत्यात."

दादांनी सगळ्या पोरांकडे पाहिलं. गणपतकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे. त्यांनी फेट्याचा शेमला खांद्यावरून मागे टाकला.

"मी जातो मग. मोट धरायची हाय. तू ये सुटल्यावर."

"एकली, दादा?"

"एकली कशानं?" दादा म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले.

नव्या मास्तरांनी पुस्तक उचललं, परत ठेवलं, आणि आमच्याकडे एकदा नीट पाहिलं. "बॉइज अँड गर्ल," ते म्हणाले, "सिट डाउन."

आम्ही सगळे खाली बसलो.